पंखाखालून पाखरं : नाशिक परिसरातल्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, नाशिक

आजपासून सुरुवात. विषय मुद्दाम लहान ठेवलाय. नाशिक आणि निफाडच्या आसपासची चिमणीएवढी, फार तर साळुंकीएवढी पाखरं, उडताना टिपायची आणि शक्यतो पंखाची खालची बाजू दिसेल अशी. पक्षी ओळखायला म्हणून जी चित्रं आपल्यापुढे येतात त्यात पक्षी बहुतेक वेळा फांदीवर बसलेला असतो, बाजूने, छान उजेडात. पण भिंगरी, पाकोळी, चंडोल ही मंडळी माणसाला दिसतात ती डोक्यावरून जाताना. नवीन निरीक्षक तिथेच अडतो. पोट कुठल्या रंगाचं, शेपटी कशी दुभंगलेली, पंखाची मागची कड काळी की तपकिरी, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. तेच दाखवणारा एक संच करायचा आहे. प्रत्येक जातीची चार चित्रं : पंख वर, पंख खाली, वळण घेताना, आणि उतरताना ब्रेक लावल्यावर.

सामान जे आहे तेच : क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी, १००-४०० मिलिमीटरची लेन्स, आणि ती टेकवायला बीन बॅग. ट्रायपॉड घरीच राहील. भिंगरीमागे ट्रायपॉड फिरवता येत नाही.

काही गोष्टी आधीच ठरवून टाकल्या. घरट्यापाशी फोटो नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं नाही. किडे किंवा दाणे टाकून जागेवर आणणं नाही. फ्लॅशही नाही. कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतका आखूड करता येतो आणि त्यात पंख अगदी गोठतो, हे खरं. पण दिवसाउजेडी सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सर्वात जलद शटर, सेकंदाच्या १/२५० च्या आसपास अडकतो, उन्हाची दुसरी सावली पंखामागे उमटते, ती घालवायला सगळा उजेड दाबावा लागतो आणि चित्र रात्रीसारखं दिसतं. मला नाशिकचं ऊनच हवंय.

१७ नोव्हेंबर

सोमेश्वरच्या अलीकडे गोदेवरच्या एका पुलाखाली. तारवाली भिंगरी इथे बारमाही असते आणि पाण्यालगत, पुलाच्या पोटाशी राहते. डोक्यावर विटकरी टोपी, वरून चकचकीत निळी, खालून पांढरी शुभ्र. नराच्या शेपटीतून दोन तारा निघतात, त्या इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना बऱ्याचदा दिसतच नाहीत.

पाणवेली काठाला सरकल्यामुळे मधला पाट मोकळा होता. भिंगऱ्या तिथे उडता उडता पाणी पीत होत्या. चोच उघडी, पाण्यावर एक रेघ, आणि वर. ती रेघ टिपायला सोपी, कारण पक्षी त्या क्षणी सरळ जातो. बाकी वेळी त्याचा काही भरवसा नाही.

एक्सपोजर मॅन्युअल ठेवलं. पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असतं, मागचा पडदा मात्र कधी पुलाची सावली, कधी चमकतं पाणी, कधी आभाळ. कॅमेऱ्यावर सोपवलं की आभाळ आलं की पक्षी काळा आणि सावली आली की पोट पांढरं फट्ट. शटर १/३२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ६.३, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १०००. सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणारा पक्षी एवढ्या वेळात तीन मिलिमीटर सरकतो. पंखाचं टोक त्याहून जास्त. तेवढा धूसरपणा टोकाला राहिला तर मला चालतो, डोळा मात्र खणखणीत हवा.

संध्याकाळी फोटो बघताना एक मजेशीर गोष्ट दिसली. सेकंदाला दहा फ्रेमने घेतलेल्या एका बर्स्टमध्ये, म्हणजे सलग टिपलेल्या चित्रांच्या ओळीत, जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये पंख खालीच. पुढच्या बर्स्टमध्ये पंख फ्रेमगणिक थोडे थोडे मागे सरकत गेल्यासारखे. सिनेमात बैलगाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच हा प्रकार. भिंगरीचे पंख सेकंदाला साधारण सात ते नऊ वेळा हलतात, जोरात असली तर आणखी. तो वेग आणि फ्रेमचा वेग जवळ आले की कॅमेरा प्रत्येक वेळी पंख जवळपास त्याच जागी पकडतो. मला चार वेगवेगळ्या अवस्था हव्यात, म्हणजे दहाचा आकडा इथे कामाचा नाही. उद्यापासून सहा फ्रेम ठेवून बघायचं, आणि कॅमेरा झेपवेल तिथे पंधरा.

फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता, सेकंदाला बारा चित्रं घेणारा. त्यातून त्यांनी उडते पक्षी टिपले आणि पंखाची एक एक अवस्था कागदावर उतरवली. आपल्या हातातला कॅमेरा त्या बाराच्याच आसपास घुटमळतो, हे आज रात्री फार वेळ मनात राहिलं.

१ डिसेंबर

पांडवलेणी. पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोचलं की एक फायदा होतो : खाली दरीकडे बघताना उडणारा पक्षी कधी डोळ्यांच्या रेषेत येतो, कधी खालून जातो. त्रिरश्मी डोंगराच्या कातळाला धरून धुरकट रंगाच्या, चिमणीहून लहान भिंगऱ्या फिरत असतात. त्या कड्यांवर, लेण्यांच्या छताला आणि हल्ली शहरातल्या उंच इमारतींच्या छज्जाखालीही घरटी करतात. दिसायला अगदी साध्या. वरून खालून सगळा धुरकट तपकिरी.

पण या पक्ष्याची एक खूण फक्त उडतानाच उघडते. शेपटी मिटलेली असेल तर साधी, चौकोनी. वळण घेताना ती पंख्यासारखी पसरते आणि टोकाजवळ एका ओळीत पांढरे ठिपके दिसतात. अर्धा सेकंद, फार तर. बसलेल्या पक्ष्याचं कितीही सुंदर चित्र काढा, ते ठिपके त्यात येणार नाहीत. असली खूण दाखवण्यासाठीच हा खटाटोप.

वळण कुठे घेते ते बघत बसले. कातळाला समांतर तरंगत जाते, कातळ संपतो तिथे बाहेरच्या वाऱ्याचा धक्का बसतो आणि ती आत वळते. जागा ठरलेली, जवळजवळ हातभराच्या फरकाने. मग पक्ष्यामागे लेन्स फिरवणं सोडलं. त्या कोपऱ्यावर फोकस बांधून थांबले. ठिपके आले.

तिथेच वर पाकोळ्यांचा थवा. लोक दोघींना एकच समजतात. पाकोळीचा पंख कोयत्यासारखा वळलेला आणि ताठ, मनगटात, म्हणजे पंखाच्या पुढच्या सांध्यात, वाकतच नाही असं वाटतं. कमरेवर पांढरा पट्टा, शेपटी आखूड. भिंगरी तारेवर बसते, पाकोळीला तारेवर बसता येत नाही. तिची चारही बोटं पुढे वळू शकतात, कातळाला लटकायला ठीक, फांदी धरायला नाही. दोन्ही पंखांच्या बाह्याकृती एकाच पानावर शेजारी शेजारी लावायच्या.

लेण्यात छताजवळ जुनी मातीची घरटी आहेत. तिकडे कॅमेरा नेला नाही.

१५ डिसेंबर, चापडगाव

निफाडचा पारा एक आकडी. पहाटे चापडगावजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पोचले तेव्हा गोदावरी आणि कादवेच्या संगमावर पाण्याच्या वाफा होत्या आणि मनोऱ्याच्या लोखंडी कठड्याला हात लाववत नव्हता. २०२० साली या पाणथळ जागेला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रातली ही पहिली. बदकं आणि रोहित बघायला गर्दी असते. माझं काम बंधाऱ्याच्या अलीकडच्या बाभळी आणि तारांवर.

तारेवर वेडे राघू एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, पिसं फुगवून, उन्हाकडे तोंड करून बसलेले. ऊन अगदी आडवं, सोन्यासारखं. याच उजेडात पंखाची खालची बाजू उजळते, कारण सूर्य खाली असतो आणि त्याचे किरण पोटाखाली शिरतात. मी तयार होते. पक्षी मात्र हलेनात.

तिथले मार्गदर्शक भाऊ दुर्बीण पुसत म्हणाले, "ताई, नऊशिवाय हे हलायचे नाहीत. माशीच उडत नाही, मग ते कशापायी उडतील?"

तसंच झालं. नऊ वाजून गेल्यावर बांधावरच्या गवतावर माश्या, चतुर दिसू लागले आणि ओळ सुटली. एकेक राघू तारेवरून झेपावायचा, हवेत गिरकी, चोचीची टक्क अशी आवाजी चिमट, आणि तरंगत परत. बऱ्याचदा त्याच जागेवर. मग किडा तारेवर आपटायचा. मधमाशी असेल तर तिची नांगी अशी घासून काढतो.

पण तोवर सूर्य वर आलेला. दहानंतर पंखाची खालची बाजू काळोखात गेली. ही या प्रकल्पाची खरी गाठ आहे : किडे उडायला ऊन चढावं लागतं, आणि ऊन चढलं की पंखाखाली अंधार होतो. हिवाळ्यात सकाळी या दोन्हीच्या मधली फट जेमतेम अर्ध्या पाऊण तासाची.

म्हणून संध्याकाळी थांबले. चारनंतर किडे असतात आणि ऊनही पुन्हा आडवं होतं. पण वारा पूर्वेकडून. लहान पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, नाहीतर त्याला थांबता येत नाही. सूर्य माझ्या पाठीशी म्हणजे पश्चिमेला, वारा समोरून म्हणजे पूर्वेकडून, तर उतरणारा प्रत्येक राघू पूर्वेकडे तोंड करून येणार, म्हणजे मला त्याची पाठ आणि शेपटी दिसणार. तसंच दिसलं. उजेड उत्तम आणि सगळे पाठमोरे.

भाऊंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "होळीच्या आगंमागं वारा फिरतो. तवा या."

५ जानेवारी २०२५

ढगाळ. १/१००० च्या वर शटर नेता येईना. संच चाळला, भिंगऱ्यांची नावं आणि वेळा लिहून ठेवल्या. माळभिंगरीच्या गळ्यावर विटकरी रंग आणि त्याखाली गडद पट्टा, तारवालीचा गळा पांढरा. लाल कमरेच्या भिंगरीचं पोट बारीक रेघांचं आणि शेपटीच्या बुडाखाली काळं. तिघी एकाच तारेवरून उठतात, पण पोट दिसलं की शंका राहत नाही.

१५ जानेवारी

कॅमेरा बाहेर काढला नाही.

संक्रांतीला येवल्यात आणि नाशकात आभाळ पतंगांनी भरतं. मला पतंग आवडतात, लहानपणी गच्चीवर आम्हीही चक्री धरलेली आहे. पण आज सकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, गेले तर एका तारेला पाकोळी लटकत होती, पंखाच्या मनगटात नायलॉन मांजा गुंतलेला. वाऱ्यावर ती हलत होती म्हणून आधी जिवंत वाटली. नव्हती.

पाकोळी, भिंगरी, वेडा राघू यांचा वावर पतंगाच्याच उंचीवर. समोरचा चतुर ती बघतात, मांजा त्यांना दिसत नाही. सुती मांजा ताण पडला की तुटतो, नायलॉन तुटत नाही, कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी दर वर्षी तो मिळतो आणि पक्ष्यांबरोबर दुचाकीवरच्या माणसांचे गळेही चिरतो. पतंग उतरले तरी मांजा झाडांवर महिनोन् महिने तसाच राहतो.

आज भाचा आणि त्याचे मित्र बरोबर होते. बांबूला आकडी बांधून, विजेच्या तारा सोडून, काठच्या बाभळींवरचा मांजा जेवढा हाताला येईल तेवढा काढला. गोळा करून कातरीने बारीक तुकडे केले, कारण अख्खा गुंता कचऱ्यात टाकला तर तिथे घारी आणि बगळे अडकतात. भाच्याने विचारलं, "मावशी, याचा फोटो नको का लावायला तुझ्या संचात?" लावायचा. उडण्याच्या संचात तो हवाच. तारेवरची ती पाकोळी मोबाइलवर टिपली आहे, तीच लावेन.

२ फेब्रुवारी

बंधाऱ्यातून कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सोडलंय. पाणी उतरलं की काठाचा चिखल उघडा पडतो, त्यावर माश्या, आणि माश्यांवर धोबी. पांढरा धोबी, पिवळा धोबी, आणि आपला बारमाही कवड्या धोबी.

धोब्याचं उडणं लाटांचं. चार-सहा वेळा पंख मारतो, मग पंख अंगाला मिटून घेतो आणि तसाच बाणासारखा पुढे जातो, थोडा खाली येतो, पुन्हा पंख. मुनियाही अशीच. म्हणून या पक्ष्यांच्या बर्स्टमध्ये निम्म्या फ्रेम पंख मिटलेल्या येतात. बघणाऱ्याला वाटतं वेळ चुकली. वेळ बरोबर असते, पक्षीच त्या क्षणी पंख मिटून जात असतो. संचात मिटल्या पंखांची फ्रेम मुद्दाम ठेवणार आहे, कारण धोब्याच्या उडण्याची ओळख तीच.

पंख उघडायची वेळ कळायला कान कामाला येतो. पांढरा धोबी लाटेवर चढताना, म्हणजे पंख मारतानाच, बऱ्याचदा चिझिक करतो. आवाज आला की बटण.

ओल्या चिखलाचा आणखी एक फायदा. दुपारच्या उन्हातही तो खालून उजेड परत फेकतो आणि धोब्याच्या पोटाखालची सावली निवळते. पाणी, ओला चिखल, वाळूचा पांढरा पट्टा, हे सगळे माझे खालचे दिवे. यापुढे जागा शोधताना पक्ष्याआधी जमिनीचा रंग बघायचा.

१६ फेब्रुवारी

गंगापूर धरणाच्या वाटेवर पांगारा फुललाय. जांभळा शिंजीर, नर अजून पुरता चमकदार झालेला नाही, पिवळ्या पोटावर मधोमध काळा पट्टा. फुलापुढे क्षणभर हवेत थांबतो, पण बहुतेक वेळा देठाला धरून लटकतोच.

एका मित्राचा नवा कॅमेरा हाती होता. त्यात बटण दाबण्याआधीचा अर्धा सेकंदही साठवून ठेवायची सोय आहे. सोय भारी, पण ती इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालते आणि या कॅमेऱ्याचा सेन्सर वरून खाली सावकाश वाचतो. तेवढ्यात शिंजीराचा पंख जागा बदलतो आणि चित्रात तो रबरासारखा वाकलेला येतो. पंखाचा आकार दाखवायचा म्हणून चाललेल्या कामात वाकलेला पंख कसा चालेल? महागड्या, झटपट वाचणाऱ्या सेन्सरवर हा त्रास जवळपास नसतो. माझं काम साध्या यांत्रिक शटरवर होईल.

१६ मार्च, चापडगाव

होळी झाली. वारा फिरला.

दुपारी तीननंतर पश्चिमेकडून सलग वारा, मनगटावरचा रुमाल आडवा उभा राहील इतका. सूर्यही पश्चिमेलाच. म्हणजे ऊन माझ्या पाठीवर, वाराही माझ्या पाठीवर, आणि उतरणारा प्रत्येक राघू माझ्याकडे तोंड करून. डिसेंबरपासून ज्याची वाट बघितली ते सगळं एका रेषेत आलं.

जागा एका द्राक्षबागेच्या कडेची. खुडा संपत आलेला, क्रेट रचून ठेवलेले, बागेच्या शेवटच्या लोखंडी अँगलवरून एक तार बांधापर्यंत आलेली. त्या तारेच्या मोकळ्या टोकावर राघूंची ये-जा. खाली वाळलेली, पांढुरकी माती, म्हणजे खालचा दिवाही मिळाला. बागवाले काका जवळ येऊन बसले. पाखरांसाठी त्यांनी बागेवर जाळी लावली होती, बुलबुल आणि साळुंक्या मण्यांची नासाडी करतात. राघूंबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते बागेला काही करीत नाहीत. उलट तारेवर बसले की माशा, गांधीलमाशा टिपतात. त्यांना मी कधी हाकलत नाही."

काम असं केलं. आधी नुसतं बघितलं. राघू झेपावून साधारण पाच-सात मीटरवर किडा पकडतो, वर एक गिरकी घेतो आणि पंख ताणून तरंगत येतो. तारेपासून दीड हातावर शरीर उभं करतो, शेपटी पसरतो आणि त्या शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग एकदम पडतो. मला तोच टप्पा हवा. सात मीटरवर, ४०० मिलिमीटरला, एफ ६.३ वर माझ्याकडे खोलीत जेमतेम सात-आठ सेंटीमीटरचा खणखणीत पट्टा असतो. तरंगत येणारा पक्षी तो पट्टा सेकंदाच्या शंभराव्या भागात ओलांडतो. तिथे ऑटोफोकसला उशीर होतो, शिवाय तो मागच्या वेलीला चिकटतो. म्हणून ऑटोफोकस बंद. तारेच्या वीतभर पलीकडे, त्याच अंतरावर उभ्या अँगलच्या गंजावर हाताने फोकस बांधला, लेन्स तारेकडे वळवली, आणि डोळा व्ह्यूफाइंडरच्या बाहेर ठेवून पक्ष्याकडेच बघत राहिले. तो गिरकी घेऊन वळला की बटण.

आलेल्या फ्रेममधली एक मोठी करून बघितली. राघू समोरून, चोचीत चतुर, चतुराचा एक पंख चोचीतून बाहेर. राघूचे दोन्ही पंख उघडे आणि पाठीमागून आलेल्या उजेडाशिवायही पिसं तांबूस पेटलेली, कारण खालच्या मातीवरून ऊन उसळून येतंय. मागच्या कडेला काळी किनार, एकसारखी. प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेवर, मनगटापाशी, अंगठ्याएवढं एक छोटं पीस वर उठलेलं. वेग पडला की पंखावरची हवा सुटू लागते आणि पक्षी कोसळू शकतो. हे पीस उठलं की हवा पंखाला धरून राहते. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेलाही उतरताना अशीच फट उघडते. शेपटीतल्या दोन सुया मधोमध, बाकी शेपटी पसरलेली, पाय खाली सोडलेले, आणि छाती वाऱ्याला टेकलेली.

सेकंदाला सहा फ्रेमने अवस्थाही वेगवेगळ्या आल्या. पंख वर, पंख खाली, वळण, ब्रेक. वेडा राघू पूर्ण झाला.

सूर्य मावळायला आला तसे आणखी राघू बाभळीवर जमू लागले. काकांनी जाताना द्राक्षांचा एक घड हातात ठेवला.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून, जेवण उरकून सिन्नरकडच्या माळावर. डोंबारी चंडोल. नाव ज्याने ठेवलं त्याने या पक्ष्याचं उडणं नीट बघितलं होतं. नर पंख फडफडवत सरळ वर चढतो, मग पंख मिटून उलटा सूर मारतो, जमिनीच्या जवळ येऊन पुन्हा वर उसळतो, असं टप्प्याटप्प्याने. खालून तो काळा आणि वरून मातकट, म्हणजे बसला की माळात हरवतो आणि उडाला की आभाळावर ठळक.

दुपारी मृगजळाच्या झळांनी दूरचा पक्षी थरथरत येतो, कितीही चांगली लेन्स असली तरी. साडेचारच्या आत कॅमेरा काढण्यात अर्थ नाही. नंतर ऊन आडवं झालं, झळा बसल्या. सुराची जागाही ठरलेली निघाली, एका दगडाच्या आसपास. तो दगड त्याचा. जवळ मादी असणार आणि घरटं जमिनीवरच, गवताच्या बुंध्याशी, म्हणून गाडी रस्त्यावरच ठेवून तिच्या आत बसून काम केलं. माळात एक पाऊल टाकलं नाही.

मिटल्या पंखांचा सूर आणि उसळी मिळाली. तरंगताना खालून काळा, तोही. वळण बाकी.

१३ एप्रिल

चापडगावला शेवटची फेरी. माळभिंगऱ्या विरळ झाल्यात, उत्तरेकडे निघाल्या असतील. तारवाल्या आहेत, त्या कुठे जात नाहीत.

कादवेच्या काठच्या वाळूमिश्रित दरडीत राघूंनी बिळं खणायला घेतली आहेत. चोचीने खणतात, पायांनी माती मागे उडवतात, बीळ हाताच्या लांबीहून आत जातं. तिथे उभं राहिलं तर दर दहा मिनिटांनी हवी तशी फ्रेम मिळेल, पक्षी तोंडात किडा घेऊन ठरलेल्या भोकाकडेच येणार. पण माणूस दरडीसमोर उभा असेल तर तो तारेवर थांबून राहतो आणि आत येत नाही. आत अंडी असतील तर ती तापतात किंवा थंड पडतात, पिल्लं असतील तर उपाशी राहतात. वर दरडीच्या काठाने चाललं तर बीळ ढासळू शकतं. आज तिथे दोघे तिघे लेन्स लावून बसले होते. भाऊंनी त्यांना शांतपणे समजावलं आणि ते उठले, हे फार बरं वाटलं. दरडीकडे जाणारी पायवाट पावसाळ्यापर्यंत बंद ठेवता येईल का, हे ते वरती विचारणार आहेत. मी सोबत पत्र देणार आहे.

राघूचा अध्याय माझ्या बाजूने इथे थांबवला.

२० एप्रिल, नाशिक

संचाची पानं लावली. एका पानावर एक जात, चार अवस्था, खाली तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि खालच्या जमिनीचा रंग. शेवटच्या दोन गोष्टी फोटोखाली सहसा कुणी लिहीत नाही. मला त्या शटर स्पीडपेक्षा जास्त कामाच्या वाटतात, कारण दुसऱ्या कुणाला तोच पक्षी टिपायचा असेल तर त्याने उभं कुठे राहायचं हे त्यावरून कळतं.

तयार : वेडा राघू, तारवाली भिंगरी, कड्यावरची धुरकट भिंगरी, पाकोळी, पांढरा धोबी. पाकोळीच्या पानावर पाचवं चित्र मांज्याचं.

अपुरे : डोंबारी चंडोलाचं वळण. माळभिंगरीचं ब्रेक लावणं, ते आता ती परत आल्यावर, ऑगस्ट सप्टेंबरनंतर. शिंजीराचं सगळंच.

जूनमध्ये सुगरणी विणायला बसतील. गवताची ओली, लांब पाती चोचीत धरून नर उडतो तेव्हा ती पाती मागे लहरते आणि पक्ष्याचा तोल एका बाजूला जातो, त्याच्या पंखांवर ते दिसतं. घरट्यांपाशी जायची गरज नाही, तो पाती तोडायला जातो त्या शेताच्या बांधावर बसायचं. पश्चिमेचा वारा तेव्हाही असेल, ढगांमुळे उजेड कमी. आयएसओ ३२०० वर ही बॉडी काय करते ते मे महिन्यात घराजवळच्या चिमण्यांवर बघून ठेवायचं.